आडवं बोट

इलाइट चौराह्यावरच्या औषधांच्या दुकानातून जनार्दन बाहेर पडला. हातात मोठ्या भावाच्या रक्तदाबाच्या गोळ्या होत्या, मालिशच्या तेलाची बाटली होती, आणि मार्चमध्येच ऊन असं तापलेलं की डांबराचा वास यायला लागलेला. एवढ्यात एका माणसाने सायकल त्याच्या पुढ्यात आडवी घातली, एक पाय जमिनीला टेकवला आणि त्याचा चेहरा निरखत विचारलं, "आप मार्तंड भैया के भाई हैं ना?" जनार्दन म्हणाला, "जी हाँ." शब्द सहज सुटले. प्रश्न साधा होता. झाशीत असले प्रश्न माणसाला दिवसातून दोनदा विचारले जातात. पण हाच प्रश्न त्याला सव्वीस वर्षांपूर्वी एकदा विचारला गेला होता आणि त्या वेळी त्याने वेगळं उत्तर दिलं होतं. आज खरं उत्तर द्यायला काहीच कष्ट पडले नाहीत, हेच त्याला लागलं. सायकलवाला सांगत होता की तो संभाजी, भैयांच्या बँडमध्ये दुसरी गिटार वाजवायचा, भैयांना लकवा झाल्याचं त्याला कालच कळलं. दोन वाक्यं तो मराठीत बोलला आणि तिसऱ्याला हिंदीवर गेला. त्याचे पूर्वज मराठ्यांच्या फौजेबरोबर इकडे आलेले. मराठी त्याच्या घरात आता सणावारी आणि भांडणात तेवढी उरली होती. शहराबाहेर बिजौलीत कूलरचे पत्र्याचे डबे बनवणाऱ्या एका कारखान्यात तो फोरमन होता. घरी येऊ का, असं त्याने विचारलं. जनार्दनला नाही म्हणायचं होतं, पण म्हणता आलं नाही.

घरात माणसं तीनच. मार्तंडदादा, अनुसूयावहिनी आणि अठ्ठेचाळीस वर्षांचा, लग्न न केलेला जनार्दन. पुतणी लग्न होऊन ग्वाल्हेरला गेली त्याला चार वर्षं झाली होती. गेल्या दिवाळीनंतरच्या सोमवारी दादा रेल्वेच्या वर्कशॉपला निघाला, बुटाची नाडी बांधायला वाकला आणि वाकलेलाच राहिला. उजवा हात गेला, उजवा पाय अर्धा गेला आणि बोलणं गेलं. सगळं बोलणं नव्हे. एक शब्द राहिला. पाणी हवं का विचारलं, तर दादा म्हणे, "नंतर." पाणी हवं असलं तरी "नंतर", नको असलं तरी "नंतर". दुखतंय का, मुलीला बोलावू का, दिवा घालवू का, सगळ्याला तोच शब्द, फक्त सूर वेगळा. वहिनी त्या सुरावरून ओळखायची. जनार्दनला ओळखता येत नसे. डॉक्टर म्हणाले होते की ऐकलेलं किती समजतंय ते नक्की सांगता येणार नाही. थोडं समजत असेल, कदाचित पुष्कळही. त्या "कदाचित"ने जनार्दनची झोप गेली होती. दादा खिडकीपाशी लाकडी हातांच्या खुर्चीत बसे आणि जनार्दन खोलीत आला की त्याच्याकडे बघे. त्या नजरेत काही मागणं होतं की नुसतंच बघणं होतं, ते कळायला मार्ग नव्हता.

संभाजी आला, दादाच्या पायाशी बसला, "भैया, पहचाना?" म्हणाला. दादाचा चेहरा अर्धा हलला. "नंतर," तो म्हणाला. संभाजीने ते मनावर घेतलं नाही. तो जुन्या गोष्टी सांगत राहिला. ख्रिसमसच्या आठवड्यात रेल्वे इन्स्टिट्यूटमध्ये लाकडी जमिनीवर मेण घासत ते, मग अँग्लो-इंडियन इंजिन ड्रायव्हरांच्या मुली नाचायला येत ते, मग ती घरंच्या घरं पर्थला आणि लंडनला निघून गेली आणि बँड मोडला ते. बोलताबोलता त्याचं लक्ष दादाच्या डाव्या हाताकडे गेलं. तो हात खुर्चीच्या हातावर होता. बोटं आखडल्यासारखी, वेडीवाकडी; मधलं बोट वर, तर्जनी त्याच्या अलीकडे मागे, आणि करंगळीशेजारचं बोट लाकडावर सपाट आडवं निजलेलं. पहिल्यापासून हे असंच होतं. वहिनी रोज तेल लावून ती बोटं एकेक करून सरळ करायची आणि दहा मिनिटांत ती पुन्हा तशीच व्हायची. "ये अकड़ नहीं है," संभाजी हळू म्हणाला. "भाभीजी, ये तो नाइन्थ पकड़े बैठे हैं." वहिनीला काही कळलं नाही. जनार्दनलाही नाही. संभाजीने मग उभं राहून हवेत गिटार धरली आणि आपला हात तसाच करून दाखवला. त्याचा हात आणि दादाचा हात एकच होता. वहिनी तेलाची वाटी घेऊन उभी होती, ती तिने खाली ठेवली. एवढे महिने आपण त्यांचा हात उलगडत होतो, एवढंच ती म्हणाली आणि आत गेली.

गिटार माळ्यावर होती. पहिल्याच महिन्यात जनार्दनने ती काढून दादापुढे धरली होती, तारा गंजलेल्या, एक तुटलेली. दादाने भिंतीकडे तोंड फिरवलं होतं आणि संध्याकाळपर्यंत तो जेवला नव्हता. तेव्हापासून वहिनीची सक्त ताकीद होती की ते वाद्य त्यांच्यासमोर आणायचं नाही. म्हणून संभाजी निघताना जनार्दन त्याच्यामागून फाटकापर्यंत गेला आणि त्याने विचारलं, हे मला शिकवाल का. काय, असं संभाजीने विचारलं. हेच, जनार्दन म्हणाला, दादा जे धरून बसलाय ते. त्याच्या डोक्यात तेव्हा स्पष्ट असं काही नव्हतं. एवढंच वाटत होतं की दादा काहीतरी म्हणतोय, पाच महिने एकच गोष्ट म्हणतोय, आणि निदान ती आपल्याला म्हणता आली पाहिजे. मग त्याला काय सांगायचंय ते सांगता येईल, किंवा आपल्याला. या दोहोंतलं नेमकं कोणतं, हा विचार त्याने पुढे ढकलला.

दर रविवारी सकाळी तो टेम्पोने बिजौलीला जाऊ लागला. कारखाना बंद असे. लांबलचक शेडमध्ये कूलरचे रिकामे डबे एकावर एक रचलेले, हवेत ऑइलपेंटचा वास, आणि संभाजीने पहिल्यांदा तार छेडली तेव्हा ते सगळे डबे मंद घुमले. जनार्दनला एकदम लहानपणीचं देऊळ आठवलं. वडील गणपतीच्या देवळात पूजेला असत. घंटा वाजून गेल्यावर गाभारा असाच थोडा वेळ घुमत राही. वडिलांनी दादाची गिटार कधी घरात वाजू दिली नाही. दादाने वादही घातला नाही. तो वर्कशॉपमधून परस्पर इन्स्टिट्यूटला जाई, तिथेच कपाटात वाद्य ठेवी, घरी आला की हातपाय धुऊन वडिलांच्या शेजारी पाटावर बसे. त्याच्या डाव्या हाताच्या बोटांना टोकांवर घट्टे पडलेले होते आणि लहानपणी जनार्दन ते घट्टे नखाने दाबून बघत असे. दुखत नाही का रे, असं विचारी. दादा म्हणे, आधी दुखतं. बस, एवढंच त्या दोघांचं गिटारीविषयी बोलणं. आता अठ्ठेचाळिसाव्या वर्षी त्याच्या स्वतःच्या बोटांची सालं निघाली, आणि ऑफिसात फायलीचा दोरा बांधताना ती बोटं चुरचुरत, तेव्हा त्याला वाटे की हे दुखणं आपण फार उशिरा मागून घेतलंय.

दोन महिने साध्या कॉर्डमध्येच, म्हणजे तीन सुरांच्या सोप्या पकडींतच गेले. मग संभाजीने मातीत काडीने रेघा ओढून सांगितलं. सा, ग आणि प हे घर. त्यात कोमल नी घातला की सेव्हन्थ, मग ते घरात राहत नाही, दाराशी येऊन उभं राहतं. त्यावर वरच्या सप्तकातला रे ठेवला की नाइन्थ. "ये ठहरने वाली चीज़ नहीं है, पंडितजी. इसको आगे जाना होता है." कुठे, असं जनार्दनने विचारलं. ते गाण्यावर असतं, संभाजी म्हणाला. मग त्याने बोटं लावून दिली. मधलं बोट पाचव्या तारेवर तिसऱ्या पडद्यात, तर्जनी चौथ्या तारेवर एक पडदा मागे, आणि करंगळीशेजारच्या बोटाने खालच्या तिन्ही तारा एकट्याने, आडवं निजून दाबायच्या. त्यासाठी त्या बोटाचं शेवटचं पेर उलटं, मागच्या बाजूला वाकावं लागतं. दादाचं वाकत असे. जनार्दनचं वाकेना. तीन तारांपैकी एक तरी मुकी राही. तिला बोलतं करावं तर शेजारची धप्प व्हायची. मे गेला, जून गेला. पत्र्याखाली भट्टी पेटल्यासारखं होई आणि घामाने बोट तारांवरून घसरे. तो ऑफिसात टेबलाच्या कडेवर ते बोट दाबून बसे, टेम्पोच्या दांड्यावर दाबे, जेवताना ताटाच्या काठावर. आपलं स्वतःचं बोट, जन्मापासून हाताला असलेलं, आणि त्याला एवढीशी गोष्ट सांगितली तर ते ऐकत नाही. दादाला सगळा उजवा भाग असाच वाटत असेल का? सांगतोय आणि ऐकत नाही. हे मनात आलं की तो बोटावर चिडणं थांबवी, पण मग त्याहून वाईट वाटे. एकदा वहिनीने भात वाढता वाढता विचारलं, "भावजी, रविवारचे जाता कुठे? कोणी असेल तर सांगा, मला काही वाटायचं नाही." तो हसला. तिला खरं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, कशासाठी? आणि त्या प्रश्नाला त्याच्याजवळ जे उत्तर होतं ते वहिनीला सांगण्यासारखं नव्हतं.

ते उत्तर म्हणजे एकसष्ट सालच्या डिसेंबरातली एक संध्याकाळ. सिंचाई विभागात नोकरीला लागून त्याला चार महिने झाले होते. लखनौहून मोठे साहेब आले होते, त्यांना इन्स्टिट्यूटच्या नाचाचा पास मिळाला होता आणि बरोबर कोणीतरी हवं म्हणून ते या नव्या क्लार्कला घेऊन गेले. मोटारीत साहेबांनी घराणं विचारलं. देवळाचे पुजारी, महाराष्ट्रातून आलेले, हे ऐकून साहेब खूष झाले. अशी घरं आता राहिली नाहीत, असं म्हणाले. जनार्दनची छाती फुगली होती. आत गेला तर समोर स्टेजवर दादा. कोणाचा तरी मागून आणलेला काळा कोट, गळ्याशी बो, केस तेलाने मागे फिरवलेले, आणि चेहऱ्यावर असं हसू की ते घरात कधी कोणी पाहिलं नव्हतं. डावा हात गिटारीच्या मानेवर वरखाली सरकत होता, त्या आडव्या बोटासकट. जनार्दनला दादा सुंदर दिसला. हे त्याला नक्की आठवत होतं, आधी सुंदर दिसला. मग एक गाणं संपलं, साहेब फर्माईश करायला स्टेजच्या कडेपर्यंत गेले, मागोमाग जनार्दन, आणि साहेबांनी मान वळवून विचारलं, "वह गिटारवाला तुम्हारे जैसा दिखता है. भाई है क्या?" दादा तीनचार हातांवर होता, खाली वाकून तारेची खुंटी पिळत होता. "जी नहीं," जनार्दन म्हणाला. "हमारे मोहल्ले के हैं."

दादाने मान वर केली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीप्रमाणे त्याने चहाचा पेला जनार्दनपुढे सरकवला. ऐकलं नसेल, असं जनार्दनने ठरवलं. वर्षामागून वर्षं तो ते ठरवत राहिला. दादाने त्याच्या बढतीच्या वेळी पेढे वाटले, तो टायफॉइडने पडला तेव्हा उशाशी बसून रात्री काढल्या, आणि प्रत्येक वेळी जनार्दनच्या मनात येई, ऐकलं असतं तर हे केलं असतं का? आणि लगेच दुसरं येई, ऐकूनच करत असला तर? विचारायला सव्वीस वर्षं होती. रोज एका ताटलीतली पोळी दोघं घेत होते. आता विचारायचं म्हटलं तर समोर एक शब्द होता आणि तो कशाचंही उत्तर असू शकत होता.

सप्टेंबरात एका रविवारी पाऊस उघडून नुसता उकाडा राहिला होता. बोट लागत नव्हतं. जनार्दनने गिटार बाजूला ठेवली आणि काहीतरी सहज आठवल्यासारखं करून विचारलं की एकसष्ट साली नाताळात लखनौचे एक साहेब आले होते, ते आठवतं का. संभाजी पत्र्याला टेकून विडी ओढत होता. बराच वेळ तो विडीच्या टोकाकडेच बघत राहिला, आणि त्यावरूनच जनार्दनला कळलं की आठवतं. "पंडितजी," तो म्हणाला, "माइक चालू था. आप माइक के पास ही खड़े थे." जनार्दनने विचारलं, म्हणजे किती जणांनी ऐकलं. सगळ्या हॉलने, संभाजी म्हणाला. आणि दादा? संभाजीने विडी विझवली. "हँसे. बोले, ठीक ही तो कहता है, मोहल्ले के तो हैं ही. फिर हमसे बोले कि आज के बाद घर का कोई आए तो मुझे पहले बता देना, मैं पीछे बैठ जाऊँगा." जनार्दन उठला. बाहेर हातपंपावर त्याने तोंड धुतलं, पुन्हा धुतलं. पाणी गरम येत होतं. मागे बसेन. याच्या पुढे त्याचं मन जाईना. रागावला असता, वडिलांना सांगितलं असतं, निदान चहाचा पेला आपटला असता. पण तो मागे बसायला तयार झाला होता, आणि त्याची व्यवस्था त्याने गुपचूप करूनही ठेवली होती. त्यानंतर जनार्दन कधी इन्स्टिट्यूटला गेलाच नाही, त्यामुळे ती व्यवस्था तशीच राहिली असणार, वापरली न जाता, बँड मोडेपर्यंत.

त्या दिवशी घरी आल्यावर त्याने वहिनी बाजारात जायची वाट पाहिली. मग खुर्चीसमोर स्टूल ओढून बसला. "दादा," तो म्हणाला, "तुला माहीत होतं." पुढचं सगळं, म्हणजे साहेब आणि मोटार आणि घराणं, आपण बावीस वर्षांचे होतो हे, त्याने मनात जुळवून ठेवलं होतं, त्यातलं एकही बाहेर येईना. दादा बघत होता. त्याची नजर जनार्दनच्या तोंडावरून हळूहळू खाली हातांवर गेली आणि तिथेच राहिली. "तू काहीतरी बोल," जनार्दन म्हणाला. आपण काय बोललो हे त्याला बोलून गेल्यावर कळलं. दादाच्या गळ्यातली शीर हलली. "नंतर," तो म्हणाला. सूर कुठलाच नव्हता. वहिनी असती तर तिला ओळखता आला असता कदाचित. जनार्दन तिथेच बसून राहिला, खिडकीतून कोणाच्या तरी रेडिओवरच्या बातम्या येत होत्या, आणि दादाच्या ओठांच्या कोपऱ्यातून ओघळलेली लाळ त्याने रुमालाने पुसली. तेवढं एक काम होतं जे त्याला येत होतं.

तीन रविवार तो बिजौलीला गेला नाही. चौथ्या रविवारी गेला, कारण घरात बसवेना. संभाजीने गिटार त्याच्या हातात दिली. नोव्हेंबरात एक दिवस संभाजी चहा आणायला बाहेर गेला असताना जनार्दनने सवयीने बोटं ठेवली, तारा छेडायची पिक ओढली आणि पाचही तारा बोलल्या. त्याला आधी वाटलं दुसऱ्याच कोणी वाजवलं. शेडमधले डबे घुमले आणि थांबले. त्याने पुन्हा ओढलं. पुन्हा पाचही. आवाज गोड होता आणि अर्धवट होता, वाक्य मध्येच सोडून कोणी श्वास घ्यावा तसा. याच्या पुढे काय, ते त्याला माहीत नव्हतं. संभाजी आला, ऐकून मान हलवली, आणि निघताना स्वतःची गिटार त्याने जनार्दनच्या खांद्याला लावून दिली. ले जाओ, म्हणाला, मी आता कोणासाठी वाजवतो.

वहिनीला यावेळी त्याने सांगितलं. ती दारात आडवी उभी राहिली, मग त्याचा डावा तळहात वर करून तिने बोटांची टोकं पाहिली आणि बाजूला झाली. जेवणं झाली होती. दादा खुर्चीत होता. जनार्दन स्टुलावर बसला, गिटार मांडीवर घेतली. गेल्या आठ महिन्यांत त्याने हा क्षण इतक्यांदा मनात घडवला होता की दादा रडेल, किंवा त्याचा डावा हात आपल्या डोक्यावर ठेवेल, किंवा पुन्हा भिंतीकडे तोंड करेल, या सगळ्यांची त्याची तयारी होती. त्याने बोटं ठेवली. वाजवलं. पाचातल्या चार तारा बोलल्या. मधली मुकी गेली. त्याने पुन्हा वाजवलं, आता ती बोलली. दादाने तोंड फिरवलं नाही. तो पुढे झुकला, इतका की वहिनी धरायला धावली, आणि त्याच्या डाव्या हाताने जनार्दनचं मनगट पकडलं. त्या पकडीत जोर होता. मग त्याने जनार्दनची बोटं तारांवरून उचलली. आधी आडवं बोट, मग मधलं, मग तर्जनी, एखाद्या लहान मुलाच्या हातून कात्री काढून घ्यावी तशी, न दुखवता. आणि गिटारीची मान स्वतःकडे ओढली.

गिटार कशी ठेवायची हे वहिनीलाच आधी समजलं. तिने उशी घेऊन दादाच्या निर्जीव उजव्या मांडीला आधार दिला, वाद्य त्याच्या पोटाशी टेकवलं. दादाची बोटं मानेवर चढली, आडवं बोट मागे वाकून निजलं, आणि तो थांबला. जनार्दनला क्षणभर उमगेना. मग दादाने हनुवटीने जनार्दनच्या उजव्या हाताकडे खूण केली, पिक धरलेल्या. त्याला आठ महिन्यांत हे सुचलं नव्हतं. दादाचा डावा हात पहिल्या दिवसापासून शाबूत होता, जे शिकायला आपण बिजौलीच्या पत्र्याखाली भाजून निघालो ते दादाला येतच होतं, त्याच्याकडे जे नव्हतं ते आपल्याकडे जन्मापासून होतं, नुसतं, न शिकता. त्याने स्टूल उजवीकडे ओढलं आणि तारांवरून हात फिरवला.

आवाज खरखरीत आला. दादाच्या बोटांवर आता घट्टे उरले नव्हते. पण तो तिथे राहिला नाही. हात दोन पडदे वर सरकला, जनार्दनने वाजवलं. मग खाली, मग भलतीच कुठली तरी पकड, त्याने कधी न पाहिलेली, आणि त्याने वाजवलं. दादाचे डोळे खिडकीबाहेर होते. तो मनातल्या मनात काहीतरी म्हणत होता हे दिसत होतं, ओठ अगदी थोडे हलत होते, वाक्यंच्या वाक्यं पुढे चालली होती, कुठे हळू, कुठे घाईने, एका जागी दोनदा तेच. नाच चालला असेल त्याच्या डोक्यात, की वर्कशॉप, की वडील, की ती संध्याकाळ आणि मागची खुर्ची; आपण त्यात कुठे आहोत का, असलो तर काय म्हणून आहोत, हे त्या सुरांतून काढायला जनार्दन कान देऊन ऐकत होता. त्याला एक अक्षर समजत नव्हतं. एक कॉर्ड त्याला येत होती. तेवढी आली की त्याला ओळखीचं माणूस गर्दीत दिसल्यासारखं होई, आणि ती लगेच निघून जाई.

"काय वाजवताय हे?" वहिनीने हळूच विचारलं.

"मला माहीत नाही, वहिनी," तो म्हणाला, आणि बोलण्याच्या नादात त्याचा हात चुकला. दादाची बोटं पुढच्या जागी जाऊन पोचली होती आणि खोलीत काहीच वाजलं नव्हतं. जनार्दनला वाटलं आता संपलं, आता तो तोंड फिरवेल. दादाने बोटं उचलली नाहीत. तारा तशाच दाबून धरून, पेरं पांढरी पडली तरी, तो जनार्दनचा हात येईपर्यंत थांबला.